खोडलेला ‘तुमच्या’

सुदामची मुलगी फोनवर म्हणाली, “काका, बाबा सकाळी गेले. तुमाले सांगाव का नाई, हेच समजत नोतं...” तिला का समजत नव्हतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. दीड महिना गप्प बसलो. आता लिहितो.

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. त्याची आई आमच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाचा रोवणा, लावणी, करायची. नव्या तांदळाचा पहिला नैवेद्य आमच्या देवाला, आणि ती मात्र अंगणाबाहेर उभी. वार्षिकांकाचा विद्यार्थी संपादक मी होतो. सुदामनं कविता दिली :

माह्या मायनं रोवला धान
तुमच्या देवाले चालते,
मंग माही माय काऊन नाई चालत?

‘तुमच्या’पाशी माझे कान तापले. माझे वडील कॉलेजच्या मंडळावर होते. मी त्याला न विचारता ‘त्यांच्या’ केलं आणि छापून टाकलं.

अंक पाहून तो हसला. “वा रे संपादक! ‘त्यांच्या’ म्हंजे कोनाच्या? चंद्रावरच्या?”

“मात्रा बसत नव्हती.”

“मात्रा नाई बे. तुह्या बापाले झोंबली असती.”

मुक्तछंदात मी मात्रा मोजत होतो! पुढे तो ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे राखेच्या कामाला लागला, कविसंमेलनं गाजवली. मला पुन्हा एकही कविता दाखवली नाही. भेटला की चहा पाजायचा आणि विचारायचा, “काय म्हन्ते मात्रा?”

शोकसभेत कुणीतरी हीच कविता म्हटली, माझ्या ‘त्यांच्या’सकट. टाळ्या पडल्या. पडणारच! शिवी दुसऱ्याला आहे म्हटल्यावर आम्हा लोकांना विद्रोह फार आवडतो. ज्यांच्या अंगणाबाहेर ती बाई उभी राहिली, तेच डोळे पुसत होते. संताप आला, आणि त्या गर्दीत पहिल्या रांगेत, तोंड शिवून, मीच बसलो होतो.

निघताना मुलीनं तो जुना अंक हातात दिला. निळ्या शाईनं ‘त्यां’ खोडून वर ‘तुम’ लिहिलेलं. “बाबाले जितके अंक भेटले, तितक्यांत त्यायनं दुरुस्ती केली,” ती म्हणाली.

घरी आलो. देवघरासमोर आई बसली होती. तिला आता कमी ऐकू येतं. मी कविता मोठ्यानं वाचली.

“कोनाच्या देवाले म्हन्ते रे?” तिनं विचारलं.

तीस वर्षांनी खरा शब्द तोंडातून निघाला.

“आपल्या, आई.”