मिस्त्रींनी गोड सोडलं

पन्नासच्या दशकात मी बारामतीत एका इंजिनाच्या दुकानात फिटर होतो. शेतकऱ्याने इंजिन आणि पंप विकत घेतला की तो विहिरीवर नेऊन बसवायचा, पाणी पाडून दाखवायचं आणि पुढच्या गावाला जायचं, हे माझं काम. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत मी महिन्यातले वीस-बावीस दिवस फिरतीवर असे. एस.टी.ने फाट्यापर्यंत, तिथून बैलगाडीने वस्तीवर.

मी नोकरीला लागलो तेव्हा अगदी काटकुळा होतो. बायको म्हणायची, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. पुढच्या तीन वर्षांत त्या शर्टाची बटणं लागेनाशी झाली.

कारण सरळ होतं. वर्षानुवर्षं मोटेवर बैल हाकलेल्या घरात पहिल्यांदा इंजिनाचं पाणी पडायचं, तो त्यांचा सण असायचा. इंजिन धडधडायला लागलं की नारळ फुटायचा आणि घरात पुरण शिजायला लागायचं. पोळीवर तुपाची धार. ‘आता पुरे’ म्हणायला तोंड उघडलं की त्याच वेळी पुढची पोळी पानात पडायची. त्यांचा सण वर्षातून एकदा, माझा आठवड्यातून दोनदा. कोऱ्हाळ्याकडे ऊस, त्यामुळे तिकडे न्याहारीला भाकरीबरोबर वाटीभर काकवी. आणि परत येताना गाडीची वाट बघत स्टँडवर बसलो की समोरच्या हॉटेलातली गरम भजी. त्या भज्यांना मात्र कुणाच्या आग्रहाचं निमित्त नव्हतं.

शेवटी गुडघे दुखायला लागले म्हणून बायकोने डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी छाती तपासली, काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, “गोड बंद, तळलेलं बंद. भाजी खा, ताक प्या, चाला.”

“डॉक्टर, मी दुसऱ्यांच्या घरी जेवतो.”

“मग डबा न्या.”

बायकोने दुसऱ्याच दिवशी ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी बांधून दिली. कोऱ्हाळे बुद्रुकला एका म्हाताऱ्या बागायतदाराकडे काम होतं. सगळे त्यांना आबा म्हणत. दुपारी पानं मांडली गेली, तेव्हा मी ओशाळून माझा डबा उघडला. आबांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आमच्या घरचं चालत न्हाय व्हय तुमास्नी?”

मला काय म्हणायचं होतं आणि त्यांना काय वाटलं, हे माझ्या एकदम लक्षात आलं. जातीपातीचा विचार करून मी त्यांचं अन्न नाकारतोय, असं त्यांना वाटलं होतं. प्रकृतीचं सांगायला गेलो तर ती सबबच वाटली. मी डबा बंद केला, चार पोळ्या खाल्ल्या, तरी आबा शेवटपर्यंत मोकळेपणाने बोलले नाहीत. त्यानंतर मी डबा नेलाच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात निमगाव केतकीला एक विहीर मिळाली. मालक साठीचे, भाजीपाला करणारे. त्यांना मी तात्या म्हणे आणि त्यांच्या बायकोला मावशी. पाणी खोल गेलं होतं, म्हणून पंप विहिरीत खाली, पाण्याजवळ बांधलेल्या ओट्यावर बसवायचा होता आणि इंजिन वर. भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडांवर पाय देत मी खाली उतरलो. दोन तासांत काम झालं. वर चढायला लागलो आणि निम्म्यात दम संपला. मांड्या लटलटायला लागल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. वरचा दगड हाताला लागेना. कसाबसा परत ओट्यावर उतरलो आणि भिंतीला पाठ लावून बसलो.

वरून तात्यांनी हाक मारली, “मिस्त्री, काय झालं?”

“चढवत नाही, तात्या.”

वर बैल जुंपल्याचा आवाज आला. मग त्यांची जुनी मोट हळूहळू खाली आली. कातड्याची ती मोठी मोट माझ्यापुढे टेकली.

“बसा आत. नाडा घट धरा. भ्यायचं न्हाय, माझी बैलं शानी हायती.”

मी मोटेत बसलो. तात्या बैलांना नेहमीसारखं ओरडून हाकत नव्हते. अगदी हळू, लेकराशी बोलावं तसं बोलत होते. एकेक पाऊल टाकत बैल मोटेच्या उतारावरून पुढे गेले आणि मी पाण्यासारखा वर आलो. वर शेजारपाजारची माणसं जमली होती. कुणीही हसलं नाही. ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. एकाने हात दिला, मावशींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझी धाप ओसरेपर्यंत सगळे दुसरीकडे बघत राहिले.

नंतर इंजिन सुरू केलं. पाणी पडलं. नारळ फुटला. आणि माझ्यापुढे पान आलं, त्यावर दोन पुरणपोळ्या. माझा हात पुढे होईना. मावशींनी विचारलं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, गुडघे, कोऱ्हाळ्यातला डबा. शेवटी म्हणालो, “मला आता विहिरीत उतरायची भीती वाटायला लागलीय. हे काम सुटलं तर मला दुसरं येत नाही.”

मावशींनी पानातल्या पोळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मग गोड देवाला सोडा की.”

“मावशी, देवाच्या नावावर खोटं कसं बोलू?”

“खोटं कशापायी? खरंच सोडा. एक वरीस. देवाला सोडल्यालं कुनी वाढत न्हाय, आन् कुनाला वाईटबी वाटत न्हाय.”

तात्या म्हणाले, “हिचं बराबर हाय.”

मावशींनी माझ्या पानातली एक पोळी उचलली, दुसरीचा चतकोर ठेवला. “एवढं खावा. हिरीचा मान हाय. उद्यापासनं न्हाय.” मग आत जाऊन त्यांनी भाकरी, गवारीची भाजी, चिरलेली काकडी आणि ताक आणलं. जेवण झाल्यावर त्यांच्या देव्हाऱ्यापुढे मी हात जोडले आणि वर्षभरासाठी गोड सोडलं.

माझ्याकडून झालं ते एवढंच. बाकीचं काम मावशींनी केलं. निमगावच्या बाजाराला गावोगावची माणसं येत. भाजी विकता विकता त्यांनी प्रत्येकाला सांगितलं, की इंजिनवाल्या मिस्त्रींनी गोड सोडलंय. महिन्याभरात मी जाईन तिथे ही बातमी आधीच पोचलेली असे. पुरण घरच्यांसाठी व्हायचं आणि मला विचारलं जायचं, “मिस्त्री, पावटा चालतोय न्हवं?”

भज्यांचं मात्र देवाला काही सांगितलेलं नव्हतं. तिथे मला माझाच आधार होता आणि तो फार भक्कम नव्हता. इंदापूरच्या स्टँडवर एकदा मी दोन प्लेट भजी संपवली आणि घरी येऊन बायकोला सांगितलंही. ती रागावली नाही. तिने पुढच्या फेरीला पिशवीत काकड्या आणि गाजरं घातली, आणि गाडीत बसल्याबसल्या मी ती खायला लागलो. फाट्यावर बैलगाडी आली तरी मी हत्यारांची पेटी गाडीत ठेवून मागून चालायचो. घरी असलो की संध्याकाळी शेजारच्या जळोची गावापर्यंत पायी जाऊन यायचो. पहिले दोन महिने काहीच फरक दिसला नाही. मग एके दिवशी पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, आणि विहिरीतून मी पुन्हा न थांबता वर चढायला लागलो.

हिवाळ्यात कोऱ्हाळ्याला आबांकडे पंप दुरुस्तीला जावं लागलं. मी बिचकतच गेलो. आबांनी स्वतः बाहेर येऊन माझी पेटी घेतली. पान मांडलं, त्यात भरीत, भाकरी आणि पांढराशुभ्र मुळा.

“आमच्या मळ्यातला हाय,” आबा म्हणाले. “देवाला चालतोय.” मग म्हणाले, “त्या येळंला मला उमगलं न्हाय, मिस्त्री. मनात ठिवू नगा.”

मी म्हटलं, “आबा, चूक माझीच होती.” त्या दिवशी मी त्यांच्याकडे दोनदा भरीत मागून घेतलं.

वर्ष पुरं झालं तेव्हा मी मुद्दाम निमगावला गेलो. मावशींनी पुरण घातलं होतं. मी दीड पोळी खाल्ली आणि थांबलो. पुढची वाढायला उचललेला हात त्यांनी आपणहून मागे घेतला.

डॉक्टरांनी काय खावं ते बरोबरच सांगितलं होतं. ते खाता येईल अशी सोय मात्र या लोकांनी केली. आता विचार करतो तेव्हा सगळ्यात जास्त आठवतात त्या घराघरातल्या बायका. सणाच्या स्वयंपाकात आधीच दमलेल्या असताना त्यांनी माझ्या एकट्यासाठी वेगळी भाकरी थापली, भाजी केली. कितीतरी जणींचे चेहरेही मी पाहिले नाहीत. आतून ताट यायचं, मी जेवायचो आणि निघायचो. त्यांचे आभार मानायचं तेव्हा सुचलं नाही. ते आज मानतो.