तांब्यातली माती

माझ्या आतेबहिणीला खिडकी मिळणार होती, तीही एकटीची. आणि ती जिथे होणार होती तिथे अजून नुसती जमीन होती.

जमीन म्हणजे वडाळ्याच्या खाजणातला जुना उकिरडा. आमच्या गिरगावाचा, परळ-लालबागचा कचरा वर्षानुवर्षं तिथेच पडला. मग तो बंद झाला, वर माती पसरली, आणि तिथे आता सोसायट्या, शाळा, बाग होणार असं लोक बोलू लागले. आत्याच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, एका सोसायटीत नाव घातलं. बाबांनाही विचारलं होतं. कचऱ्यावर कोण राहील, एवढंच ते म्हणाले, आणि आम्ही सहाजण दोन खोल्यांतच राहिलो.

आतेबहीण नायगावच्या चाळीत वाढलेली. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. मी कॉन्व्हेंटमधली, माझ्या घोषणा ओठांच्या आतच राहायच्या. तिचा आवाज मला हवा होता. आता खिडकीही.

भूमिपूजनाला आईने आमच्या तुळशीतली माती तांब्यात भरून आणली होती. खड्ड्यात निदान मूठभर तरी स्वच्छ माती पडावी म्हणून. तांब्या माझ्याकडे होता. खणताना बांगड्यांचे तुकडे, फुटक्या बश्या वर येत होत्या. निळ्या काठाचा एक तुकडा उचलून आतेबहीण म्हणाली, "बघ ग, तुमच्याच घरातली बशी. तुम्ही नाही आलात, कचरा आधीच राहायला आला."

सगळे हसले. आमच्या बश्यांना खरंच निळा काठ होता.

एकाने नाव काढून घेतलंय, एक जागा रिकामी आहे, असं काका बाबांना हळूच सांगत होते. मी तांब्यात बघत राहिले.

"घ्या ना मामा," ती म्हणाली. "हिलापण खिडकी हवीय."

मी तिला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या मनातलंसुद्धा तीच बोलून मोकळी होत होती, आणि किती सहज. तेवढं मात्र मला सोसवेना.

"माझं मी सांगेन," मी म्हणाले. "हवीय, बाबा."

बाबांनी त्या खड्ड्याकडे पाहिलं. मग त्यांनी काकांना नाव घालायला सांगितलं. तळमजलाच उरलाय, काका म्हणाले. म्हणजे तिची खिडकी माझ्या डोक्यावर.

भटजींनी माती मागितली. मी तांब्या कलंडवला, आणि अर्ध्यावरच सरळ केला. आईने डोळ्यांनी खुणावलं, सगळी ओत. उरलेली मी माझ्या खिडकीसाठी पदराखाली धरली.