पूजा झालेली प्रिंट

नागापूरच्या एमआयडीसीत पाण्याचे पंप करणाऱ्या कारखान्यात मी ट्रेसर होते. सत्तरचं दशक नुकतंच लागलेलं. ड्रॉइंगमधलं माप बदललं की कोपऱ्यात ‘ए’ खोडून ‘बी’ लिहायचं, नवी प्रिंट काढून मशीनशॉपमध्ये पाठवायची, हे माझं काम. जुनी परत आल्याशिवाय नवी द्यायचीच नाही, असा नियम करा म्हणून मी साहेबांच्या कानीकपाळी ओरडत होते. पण बाईमाणसाचं ऐकतंय कोण!

दसरा झाला आणि व्हायचं तेच झालं. लेथवर कोल्हारचा एक टर्नर होता, टेंपररी. त्यानं केलेल्या शाफ्टांवर बेअरिंग चढेना. सगळा लॉट जुन्या मापाचा, जाड. साहेब असे तापले की म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. घरी त्याचं तान्हं मूल. चेहरा पांढराफटक पडलेला.

तणतणत त्याच्या लेथपाशी गेले. एकाच खिळ्याला दोन्ही प्रिंट अडकवलेल्या, जुनी पुढं आणि नवी तिच्या मागं. अरे शहाण्या, हे काय करून ठेवलंस, म्हटलं.

"ताई, खंडेनवमीला पूजा झालेला कागुद हाय. त्याला मागं कसं टाकायचं?"

कपाळाला हात लावला मी. मशीनबरोबर ड्रॉइंगही पुजायची आमच्याकडे पद्धत. नवी आली ती यानं भक्तिभावानं मागं लावली, आणि सवयीनं वाचत राहिला पुढची. पण त्या दिवशी मशीन-मशीन फिरून हळदकुंकू वाहिलं कुणी? खुद्द साहेबांनी!

प्रिंट काढली आणि नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, ही तुमच्या हातची हळद. तुम्ही पुजलेलं त्यानं फाडायचं होतं का?"

मनात म्हटलं, आता माझीही नोकरी गेली. साहेबांनी प्रिंटवर उमटलेल्या आपल्याच पिवळ्या बोटांवरून हात फिरवला. मग म्हणाले, माल जाडच आहे ना, मग लेथवर मापापर्यंत उतरवून घ्यायला सांगा त्याला, आणि उद्याही ये म्हणावं. आणि यापुढं जुन्या प्रिंट खंडेनवमीच्या आधी तुमच्याकडे जमा.

त्यानं पहिला शाफ्ट लेथवर चढवला, बारीक कट घेऊन मापात आणला, पुसला. बेअरिंग सरकन बसलं. हुश्श! मी तिथंच स्टुलावर टेकले.

घरी काय सांगावं हेच सुचत नव्हतं, म्हणाला. म्हटलं, आता काहीच सांगू नकोस. तो डोळे पुसत हसला आणि त्यानं दुसरा शाफ्ट उचलला.