सहा नंबर माझा भाऊ

दोन हजार पंचवीस साल. माझा धाकटा भाऊ रमेश एकसष्ट वर्षांचा होता. पुतण्याचा दुपारी फोन आला, "काका, अप्पा गेले..." तेव्हा मी गच्चीवर त्याचीच फुटबॉलच्या सरावाची दोरी वाळत घालत होतो. सकाळी दवाखान्यात, नाकात नळी असताना त्यानं तेच विचारलं होतं. "दादा, दोरी धुतली का? आज सराव बुडाला. उद्याही बुडाला तर मैदानावरच्या पोरींना घरचे कामाला लावतील, परत येणार नायत." मी म्हणालो, "मला त्यातलं काय कळतं?" "कळावं लागत नाय. सैल सोडू नको, बस."

मी चौथी शिकलेला, सातपूरच्या कारखान्यात फिटर. साहेबाच्या मागं लागून रमेशसाठी जागा मिळवली, आणि हजर व्हायच्या दिवशीच हा बूट घेऊन मुंबईला फुटबॉल खेळायला पळाला. दोन वर्षं मी बोललो नाही. बोलणारही नव्हतो. पण पुण्यात त्याचा सामना आहे असं कळलं आणि कुणाला न सांगता एसटीत बसलो. त्याचं डोकं फुटलं, पट्टी बांधून पुन्हा आपल्या गोलापुढं उभा राहिला. लोक मात्र गोल मारणाऱ्याच्याच नावानं ओरडत होते. मला राहवेना. उठून ओरडलो, "अरे, तो सहा नंबर माझा भाऊ आहे!" मागचा म्हणाला, "असू द्या हो, खाली बसा, दिसत नाही." सामना सुटल्यावर मी रमेशला म्हणालो, "तुझं नाव कुणी घेईना रे." तो हसला. "दादा, मागं राहून अडवणाऱ्या बॅकचं नाव चुकल्यावरच घेतात. आज कुणी घेतलं नाय."

पुढं किती क्लब झाले. कुठंच कायम झाला नाही, शेवटी दुखरे गुडघे घेऊन नाशकात परत आला. 'सांगितलं होतं ना' असं मी कधी म्हणालो नाही... खोटं कशाला, एकदा म्हणालो. तो पेठ रोडच्या मोकळ्या मैदानावर वस्तीतल्या पोरींना फुटबॉल शिकवायला लागला. आईचं जुनं लुगडं फाडून त्यानं दोरी वळली. बॅकला खेळणाऱ्या चौघींच्या कमरेला ती बांधायची आणि टोक स्वतः धरायचं. चौघींनी एका रेषेत पुढं यायचं, एका रेषेत मागं जायचं. एक चुकली की चौघी धपकन खाली. मी म्हणालो, "पोरी आहेत का बैलं?" म्हणाला, "बैलं बरी, एकदम वळतात तरी." त्यावर कल्याणी नावाची पोरगी म्हणाली, "मग सर, वैरण तरी द्या, भूक लागलीय!" त्या मैदानातल्या दोघी पुढं राज्याच्या संघात खेळल्या. दोघीही बॅक. हे मी चहाच्या टपरीवर न विचारता सांगतो.

संध्याकाळी त्याला अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. मी दोरी खांद्यावर टाकली तशी बहीण म्हणाली, "दादा, आज कुठं निघालास? लोक काय म्हणतील?" मी चपला घातल्या. मैदानावर पोरी येऊन उभ्या होत्या, पण बूट कुणीच घातले नव्हते. कल्याणीचे डोळे सुजलेले. म्हणाली, "बाबा, आज नाय ना सराव?"

"बूट घाला."

चौघींच्या गाठी मी बांधल्या. टोक मनगटाला दोनदा गुंडाळलं आणि विचारलं, "सर आधी काय म्हणायचे?"

"काही नाय. नुसते ओढायचे."

मग मी ओढलं.