बारशाआधीचा फोटो

माझं शिवणकामाचं दुकान औंढ्यात, आमच्या घराच्याच पुढच्या खोलीत आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे ड्रेस. मागच्या खोलीत एक काचेचं कपाट आहे आणि त्यात माझ्या अकरा बाहुल्या आहेत. पोरींच्या खेळण्यातल्या नव्हेत. कोपर, मनगट, गुडघा सगळं वळणाऱ्या, हौशी लोक जमवतात त्या. पहिली भावानं हैदराबादहून आणून दिली. तिच्या अंगावरचा चमचमता झगा मला बघवेना, म्हणून इरकलीच्या उरलेल्या तुकड्याचं लुगडं करून तिला नेसवलं, खिडकीत उभी केली आणि मोबाईलवर एक फोटो काढला. फोटोत ती बाई कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी दिसली. तिथून मला नाद लागला.

मग जुना कॅमेरा घेतला. काड्यापेट्यांच्या ट्रंका केल्या, कणकेच्या नखाएवढ्या भाकरी थापल्या, चिखलाची चूल केली. शिरड शहापूरला बहिणीच्या शेतात हळद वाळत घातली की मी दोन बाहुल्या पिशवीत घालून जायची. बाहुलीपुढं हळकुंड लाकडाच्या ओंडक्याएवढं दिसतं. सिद्धेश्वर धरणाच्या काठाला त्यांना धुणं धुवायला बसवायची. फोटो खरा दिसायचा तर कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीला न्यावा लागतो, म्हणून मी पोटावर आडवी पडते. येणारे-जाणारे थांबून विचारतात, "काय हरवलं का बाई?" मी म्हणते, "व्हय, सुई हरवली." आमच्या मालकांनी सुरुवातीला कपाळाला हात लावला होता, नंतर तेच कुठून कुठून बारक्या वस्तू शोधून आणायला लागले.

अकरावी बाहुली बाळाची होती. हैदराबादच्या एका हौशी बाईनं घर बदलताना ती मला देऊन टाकली. झोपलेलं नवजात बाळ, मऊ विनाइलचं, एकेक करून रोवलेले केस, कपाळावर निळसर शीर रंगवलेली. आत बारीक काचेचे मणी भरलेले, त्यामुळं वजन थेट बाळाएवढं, आणि उचललं की मान मागं पडते. खोक्यातून काढताना माझा हात आपोआप मानेखाली गेला. तिला मी खिडकीपाशी दुपट्यात गुंडाळून ठेवलं होतं, सकाळच्या उजेडातला एक फोटो साधायचा होता, तेव्हा ती आली.

ती म्हणजे मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहणारी पोरगी. पंचविशीची असेल. नवरा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. आठव्या महिन्यात तिच्या ब्लाऊजची शिवण मीच सोडून दिली होती. तेच ब्लाऊज ती आता परत आत घ्यायला घेऊन आली होती. बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगा झाला आणि नवव्या दिवशी कावीळ होऊन गेला, एवढं मला गल्लीतून कळलं होतं. मी तिला काही विचारलं नाही. टेप घेऊन माप घ्यायला लागले. ती माझ्या खांद्यावरून मागच्या खोलीत बघत होती.

"ताई, कुनाचं लेकरू हाय?"

"कुनाचं न्हाई गं. बाहुली हाय ती."

ती आत गेली. वाकली, हात लावला नाही.  मग मला म्हणाली, "माझ्या लेकराचा एकबी फोटो न्हाई. बारशाच्या आदी फोटो काढू न्हाई म्हनल्या सासूबाई. बारसंच झालं न्हाई."

मी टेप गळ्यात अडकवली.

"तुमी बाहुलीचा फोटो काढला की खरं मानूस वाटतंय," ती म्हणाली. "माझं लेकरू करून द्या ताई."

"अगं, ही बाहुली तुझं लेकरू कशी होईल?"

"न्हाई व्हत. मला कळतंय. पन मला त्याचं तोंड इसरायलंय. आदी डोळे मिटले की दिसायचं. आता दुसऱ्याच कुनाचं तरी येतंय."

तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. पुढं कितीदा तरी मनात तो क्षण मागं नेऊन नाही म्हणून बघितलं आहे. पण समोर ती उभी होती आणि माझ्या हातात तिचं आठव्या महिन्यात सैल केलेलं ब्लाऊज होतं. मी म्हणाले, "सांग, कसं होतं."

ती दुपारी यायची, घरची कामं आटोपून. सांगायची आणि मी करायची. रंग सावळा होता, म्हणून मी पातळ रंगाचे हात फिरवले. डाव्या कानाची वरची कड दुमडलेली होती. मी मेणाचा ठिपका लावून ती दुमडली. नाकावर नखाचा ओरखडा होता. झबलं तिनं स्वतःचं आणलं, पिवळ्या किनारीचं, हातानं शिवलेलं. ते बाहुलीला बरोबर बसलं. मला त्याचीच भीती वाटली.

मी फोटो काढून कॅमेऱ्यावर दाखवायची. ती बघायची, मान हलवायची. "न्हाई ताई. ह्यो न्हाई." कपाळ असं नव्हतं म्हणायची. मग कपाळ असंच होतं, पण हनुवटी नव्हती. एकदा म्हणाली, "तो असा गप नसायचा." त्याला मी काय करणार होते? आठवडाभर मी दुकानातली कामं मागं टाकली. लग्नसराईतल्या बायका खोळंबून बोलायला लागल्या. मालक एकदा जेवताना म्हणाले, "हे काय करून राहिलीस तू? तिला अजून तकलीफ होईल." मला ते माहीत होतं. पण थांबायचं कसं, हे कुणी सांगत नव्हतं.

मग तिला आठवलं की बाळाला सकाळी अंगणात उन्हात ठेवायला सांगितलं होतं. उन्हात त्याचा चेहरा वेगळा दिसायचा. एका सकाळी मी स्कूटी काढली. ती मागं बसली, मांडीवर बाहुली. आम्ही सिद्धेश्वरच्या पाण्याच्या काठाला गेलो, माझ्या नेहमीच्या जागी. गोधडी पसरली, बाहुली ठेवली. मी पोटावर पडून फोकस जुळवत होते. कोवळं ऊन नव्हतंच आता, चांगलं तापायला लागलं होतं. तेवढ्यात वरच्या बांधावरून शेळ्या घेऊन चाललेली एक म्हातारी ओरडली, "अगं ए बायांनो, लेकरू उन्हात काहून ठिवलं? डोकं तापंल की त्याचं!"

मी उठून सांगणार होते. त्याआधी ती म्हणाली, "घेते मावशी," आणि तिनं बाळ उचललं, पदर डोक्यावरून ओढून त्याच्या तोंडावर सावली केली. हात बरोबर मानेखाली. म्हातारी समाधानानं शेळ्यांमागं गेली. ही तशीच बसून राहिली, हळूहळू मागंपुढं डुलत. मी कॅमेरा हातात घेऊन उभी. फोटो काढला नाही. बाहुली परत दे असंही म्हणवेना.  शेवटी तीच म्हणाली, "चला ताई, तुमाला दुकान उघडायचं आसंल." घरी पोचल्यावर तिनं बाहुली माझ्या हातात दिली तेव्हा विनाइल उन्हानं आणि तिच्या अंगानं गरम झालेलं होतं. 

दोन दिवसांनी भर दुपारी तिचा नवरा आला. चप्पल बाहेर काढली, पण आत येईना. मला वाटलं, हे सगळं बंद करा म्हणून सांगायला आला. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

"ती येऊन राहिली ना तुमच्याकडं?"

"व्हय. बस ना."

तो बसला नाही. दाराच्या चौकटीला धरून म्हणाला, "ताई, मी काढला व्हता फोटो."

मला कळायला वेळ लागला.

"सहाव्या दिवशी, तिच्या माहेरी गेलो व्हतो तवा. ती न्हाणीत गेली व्हती, घरात कुनी नव्हतं. आईनं बारशापातूर नको म्हनलं व्हतं. मला ऱ्हावलं न्हाई. एकच काढला. आठव्या दिवशी लेकरू पिवळं पडलं. नवव्या दिवशी... दवाखान्याच्या व्हरांड्यातच पुसून टाकला. तिला ठावं न्हाई."

तो मोबाईल कुठं आहे, मी विचारलं. दुकानात नेला तर पुसलेला फोटो परत काढून देतात असं मी ऐकलं होतं. तो मोबाईल फुटला, म्हणाला, दुसरा घेताना दुकानदारालाच दिला. हिंगोलीला जाऊन त्यानं विचारून पण बघितलं होतं. आता काही होत नाही म्हणाले.

"अरे, फोटो काढल्यानं कुनी मरत नसतं," मी म्हणाले.

"मला समजतंय ताई. बारावी झालेलो हाय मी." मग खाली बघून म्हणाला, "पन मी काढला ना."

 तो म्हणाला, फोटो पुसला तरी आपल्याला सगळा पाठ आहे. आपण सांगतो तसं ठेवा आणि काढा. तिला एकदा तरी दिसू द्या.

आम्ही बाज दारापाशी ओढली, कारण उजेड दारातून येत होता. तो सांगत गेला. डोकं दाराकडं. उजवी मूठ गालापाशी, अंगठा आत. एकच पाय दुपट्याबाहेर. तोंड जरा डावीकडं कललेलं, हनुवटी झबल्यात बुडालेली. त्याला खरंच सगळं पाठ होतं. त्याच्या बायकोनं आठवडाभर जे सांगितलं ते तोंडाबद्दल होतं, आणि ते दर खेपेला बदलत होतं. यानं तोंडाबद्दल काहीच सांगितलं नाही, फक्त काय कुठं कसं होतं ते सांगितलं. शेवटी त्यानं खिशातून हातरुमालाएवढी लाल चौकड्याची दस्ती काढली, घडी घातली आणि बाहुलीच्या डोक्याखाली सरकवली.

"उशी वली झाली व्हती. मी ही ठिवली व्हती."

"ती विचारल की रे, दस्ती कुठून आली म्हणून."

"तुमच्या मनानं ठिवली म्हना."

मी बरं म्हणाले. सहा-सात फोटो काढले. त्यानं एकच निवडला आणि निघून गेला. दस्ती घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी कॅमेरा तिच्या हातात दिला. तिनं बघितलं. "हेच," ती म्हणाली. "ताई, हेच. असंच झोपायचं. मूठ आशी." ती हसली. इतक्या दिवसांत मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं, आणि त्या एवढ्याशा वेळात मला वाटलं की आपण काहीतरी चांगलं केलं.

मग तिनं कॅमेरा डोळ्यांजवळ नेला.

"ही दस्ती?"

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं.

"न्हाणीतून आले तवा ही त्याच्या डोक्याखाली व्हती," ती म्हणाली. "मळकी दस्ती लेकराला लावली म्हनून मी वरडले, वढून फेकली. हे मी तुमाला सांगितलं न्हाई. कुनालाच सांगितलं न्हाई." ती माझ्याकडं बघायला लागली. "तवा घरात ते एकलेच व्हते. त्यांनी फोटो काढला व्हता?"

 मी मान होकारार्थी हलवली.

"कुठं हाय?"

"पुसला."

ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. रडली नाही. मी मशीनचं पायडल उगाच दाबत होते, सुई कापडाशिवायच वरखाली होत होती. मग ती उठली, कॅमेरा टेबलावर ठेवला, "बरं" म्हणाली आणि गेली. त्याच संध्याकाळी माहेरी निघून गेल्याचं कळलं.

तिचा नवरा एकदा दुकानापुढं थांबला. "तुमी सांगितलं का?"

"तिनंच वळखलं. दस्तीवरून."

त्यानं मान डोलवली. "बरं झालं," म्हणाला. मग म्हणाला, "फोन उचलत न्हाई ती." मी काय करू शकत होते? फोन नंबर होता माझ्याकडं तिचा. मी दोनदा काढून बघितला आणि ठेवून दिला. 

सोयाबीन निघायच्या सुमाराला ती परत आली. कुणी समजावलं की तिचं तीच आली, मला माहीत नाही. दोघं एकाच गाडीवर जाताना दिसायला लागले. माझ्या दुकानावरून जाताना तो मान वाकवायचा, ती समोर बघायची. तिचं ब्लाऊज इतके महिने माझ्या खुंटीला होतं. ते न्यायला तिची शेजारीण आली.

मी पुन्हा फोटो काढायला लागले, पण मोठ्या बाहुल्यांचेच. बाळाची बाहुली हैदराबादच्या बाईला परत देऊ का विचारलं, ती नको म्हणाली. विकायला मन होत नाही. कपाटात ठेवली तर गिऱ्हाइकं विचारतात. खोक्यात ठेवली आहे, झाकण न लावता.

परवाच्या बाजारात भाजीच्या ढिगापाशी ती अचानक शेजारी येऊन वाकली. दोघी एकाच ढिगातल्या शेवग्याच्या शेंगा निवडत होतो. वर न बघता तिनं विचारलं, "ताई, तो फोटो हाय का अजून?"

"हाय."

"बरं."

"देऊ का? कागदावर काढून?"

"नको." तिनं शेंगा भाजीवालीच्या तराजूत टाकल्या. "पन पुसू नका."

"न्हाई पुसत," मी म्हणाले. ती शेंगा पिशवीत घालून गर्दीत निघून गेली. त्याबद्दल तिनं नवऱ्याला काही विचारलं का, आता त्या दोघांत काय बोलणं होतं, यातलं मला काही कळायचं नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी तो फोटो मुलाच्या कॉम्प्युटरवर घातला, पेन ड्राइव्हवर घातला, मालकांच्या मोबाईलवर पण घातला आणि त्यांना बजावलं की याला हात लावायचा नाही. तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. आमच्याकडं लाईट कधीही जाते. आली की मी मशीन सोडून आधी आत जाते, कॉम्प्युटर चालू करते आणि तो फोटो उघडतो का ते बघते.