उस्मानभाईंची वाळवंटातली बाग

"मास्तर, इतकी झाडं नव्हती हो," प्रूफ बघून उस्मानभाई म्हणाले.

साल १९८६. मी रत्नागिरीत लाकडी ठोकळे कोरून चित्रं छापायचो. ठोकळ्यावर शाईचा रोलर फिरवला की उंच राहिलेला भाग छापला जातो, कोरून काढलेला कोरा राहतो. प्रूफ म्हणजे चाचणीचा पहिला छाप.

उस्मानभाई सतरा वर्षं आखातात माळी होते, वाळवंटातल्या एका बंगल्यावर. तिथे कॅमेऱ्याला बंदी. मुलगी वर्षाची असताना ते गेले, अधूनमधून रजेवर यायचे तेवढेच. आता आठ दिवसांवर तिचं लग्न होतं, आणि ती त्यांच्याशी पाहुण्यासारखी वागत होती.

"मी तिथे काय करत होतो ते तरी बघू दे तिला," ते म्हणाले.

मी कोकणातला माणूस. बाग म्हटल्यावर पानाला पान लावून मोकळा झालो होतो.

"खजुरी सात. डाळिंबं तीन. बाकी वाळू."

"नुसती वाळू?"

"नुसती. चार-चार दिवस माणूस दिसायचा नाही. मी झाडांशीच बोलायचो."

शिवणीच्या लाकडाची नवी फळी घेतली. वाळू कोरी हवी, म्हणजे तिथलं सगळं लाकूड काढायचं. तेही खोल, नाहीतर कागद खाली टेकतो आणि डाग पडतो. चार दिवस मी वाळूच काढत होतो. मीही तेव्हा एकटाच राहायचो. दुपारी उस्मानभाई येऊन बसत. आम्ही फारसं बोलत नसू, पण ते उठून गेले की खोली मोठी वाटायची.

सहाव्या दिवशी दुसरं प्रूफ दाखवलं. त्यांनी बोटाने झाडं मोजली.

"बाग हीच. पण मी कुठाय?"

मी ते विचारलंच नव्हतं. आणि काढलेलं लाकूड परत येत नाही. शेवटी वाळूत चौकोनी खाच पाडली, तीत दुसऱ्या लाकडाचा तुकडा घट्ट ठोकला. याला प्लग म्हणतात. त्यावर नखाएवढा माणूस कोरला, झाडाला पाणी घालणारा. लग्नाच्या आदल्या दिवशी छाप दिला.

महिन्याभराने उस्मानभाई आले.

"ट्रंक भरताना तिने चित्र हातात घेतलं. म्हणाली, बाबा, हे तुम्हीच? मग तुम्हाला जेवण कोण करून घालायचं?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, मीच करायचो. मग तिने विचारलं, काय काय करायचात? सांगायला लागलो, तर नवऱ्याकडची माणसं निघायची घाई करायला लागली."

तेव्हापासून फळीला हत्यार लावण्याआधी मी गिऱ्हाइकाला विचारून घेतो, यात तुम्ही कुठे उभे होतात? प्लग बसवायला दोन दिवस जातात.