नऊ मोर जास्त

नत्थुजी शिंप्याची आणि माझी पहिली भेट झाली, त्या दिवशी अमरावतीत कापसाच्या इतक्या गाड्या आल्या होत्या की रांगेचं शेपूट बडनेऱ्यात होतं आणि शेपटाकडच्या गाडीवानाला दरवाज्यापर्यंत पोचेतो दाढी आली. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपल्यामुळं इकडं आमच्या कापसाचं सोनं झालं होतं. परकोटाच्या दरवाज्यात कापूस असा उडत होता की एका बाजूनं काळी म्हैस शिरली तर दुसऱ्या बाजूनं पांढरी गाय निघे. त्या गर्दीत एका गाडीच्या खुंट्याला माझा अंगरखा अडकला. बैल पुढं निघाले, अंगरखा बैलांबरोबर निघाला आणि मी अंगरख्याबरोबर. खांद्यापासून खालपर्यंत तो फाटला तेव्हा कुठं माझी सुटका झाली.

समोरच्या ओट्यावर एक वाळकुडा माणूस सुई घेऊन बसला होता. त्यानं वर न पाहताच मला सांगितलं, “पोट आत घ्या.” मी घेतलं. अंगरखा माझ्या अंगावरच ठेवून त्यानं तो शिवला, दातानं दोरा तोडला आणि मला वाटेला लावलं. घरी आल्यावर पोट बाहेर सोडलं तर सोडता येईना. दुरुस्तीच्या निमित्तानं त्या माणसानं वीतभर कापड काढून घेतलं होतं, आणि तेही मी आत असताना.

हा नत्थुजी. कापडातून कात्रण मागं ठेवणं हा शिंप्याचा हक्कच, पण नत्थुजीचं कात्रण कधी कधी कपड्याहून मोठं असे. पकडला मात्र तो कधीच गेला नाही. त्याची बायको गोदाबाई, तिच्या अंगावर अख्खी अमरावती होती. तिच्या चोळीची पाठ एका वकिलाची, पोट एका सावकाराचं, आणि डाव्या दंडावर, सांगायला लाज वाटते, मी.

हेच एकदा अंगाशी आलं. अंबादेवीच्या देवळात, दसऱ्याच्या दिवशी, भर बायकांत एकीनं गोदाबाईच्या उजव्या दंडावर बोट ठेवलं आणि हा आपल्या नवऱ्याचा अंगरखा असल्याचं जाहीर केलं. गोदाबाई घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, “पुढच्या दसऱ्याले माह्या दंडावर दोन मोर पाहिजेत. अन् त्यायच्यावर कोणी बोट ठेवलं, तं मी त्याच पावली तेल्हाऱ्याले भावाकडं जाईन. मंग शिवत बसा अन् भाकरी बी तुमीच थापा.”

नत्थुजीला भाकरी थापता येत नव्हती. तो गोल कापू शकत असे, गोल थापू शकत नसे.

मोरांचं कारण असं, की त्या सालात विलायती छिटीचा एक नवाच प्रकार बाजारात आला होता. लाल कापड, आणि त्याच्या एकाच काठावर छापलेले मोर, एकामागं एक चाललेले, जणू पाणवठ्याला निघालेत. बडनेऱ्याजवळच्या खुशालराव पाटलानं कापसाच्या धुंदीत अख्खा तागाच उचलला. त्याच्या बायकोनं, मैनाबाईनं, लेक शालूसाठी दसऱ्याला त्याचा परकर करायचं ठरवलं आणि नत्थुजीला बोलावणं धाडलं.

मैनाबाईला नत्थुजीची कीर्ती ठाऊक होती. तिला विसापुढं मोजता येत नव्हतं, पण तिचं अडत नव्हतं. तिनं लागेल तेवढं कापड फाडून ओसरीवर पसरलं, पितळेचा गडू घेतला आणि नत्थुजीच्या डोळ्यांदेखत एका मोरामागं एक सरकी गडूत टाकत गेली. शेवटचा मोर संपल्यावर गडू कोनाड्यात ठेवला आणि नत्थुजीला बजावलं, की परकर आला की याच सरक्या एकेक करून बाहेर काढीन. एक जरी उरली तरी गावात सुई धरू देणार नाही.

नत्थुजी कापड घेऊन घरी आला आणि तीन दिवस त्याच्याभोवती फिरत राहिला. सरकीची धास्ती होतीच, पण त्याहून मोठी अडचण कापडाचीच होती. मोर परकराच्या घेरावर हवेत म्हणजे कापड आडवं धरायचं. पन्हा होईल परकराची उंची, आणि मोरांचा काठ अखंड खाली फिरेल. त्या काठाला कात्री लागायचं कामच नाही. उरलंच तर कमरेकडं बोटभर लाल उरेल, आणि लाल चिंध्या नत्थुजीकडं पोतंभर होत्या. शेवटी जन्मात पहिल्यांदा त्यानं गिऱ्हाइकाचं कापड गिऱ्हाइकाच्याच कपड्यात शिवलं. त्या तीन दिवसांत तो इतका खंगला की गोदाबाईनं त्याला काढा दिला. मोर किती आहेत हे त्यानं रोज मोजलं. रोज एकशे तीनच भरले.

परकर घेऊन तो खुशालरावाकडं गेला. गोदाबाईनं तोवर माहेरी न्यायचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं होतं.

ओसरीवर शालूला उभं केलं. चुण्या पसरून धरायला दोन शेजारणी बसल्या. मैनाबाईनं गडू घेतला आणि मोरामागं सरकी बाहेर काढायला लागली. शालू खाजवायला वाकली की मोजणी थांबे. एक फेरा बहुतेक पुरा झाला आणि मैनाबाईचा हात गडूत नुसताच फिरला. गडू रिकामा. मोर मात्र अजून नऊ उरले होते.

खुशालराव आढ्याकडं पाहू लागला.

“नत्थुजी,” मैनाबाई म्हणाली, “कमी भरले असते तं म्या समजून घेतलं असतं. जास्त काहून भरले?”

“तुमचेच हायेत, पाटलीनबाई,” नत्थुजी म्हणाला. “देवीची आन. एक बी मोर बाहेरचा नाही.”

ते खरं होतं. पण खरं बोलायची सवय नसल्यामुळं त्याचा आवाज कापला, कपाळावर घाम आला आणि नजर जमिनीला गेली. इतका खोटारडा दिसणारा माणूस त्या ओसरीनं पाहिला नव्हता. मैनाबाईनं सगळं शांतपणे उलगडून सांगितलं: आधी आमचे मोर चोरले, मग तुम्ही सरकीला भ्यालात, मग कोणा दुसरीच्या कापडातले काढून इथं जोडले, आणि घाईघाईत नऊ जास्त लागले.

“दुसरीचे मोर माह्या पोरीच्या अंगावर नको,” ती म्हणाली. “काढा आत्ताच. अन् ज्याचे हायेत त्याच्या घरी पोचवा.”

नत्थुजीनं आणखी दोनदा खरं सांगायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा कात्री काढली. तिथंच ओसरीवर बसून त्यानं नऊ मोरांचा पट्टा वेगळा केला, परकर पुन्हा जोडला, आणि डोळ्यांत पाणी आणून निघाला. ते पाणी आनंदाचं होतं, पण मैनाबाईला ते पश्चात्तापाचं वाटलं आणि तिनं त्याला गुळाचा खडा दिला.

चोळी झाली. अडचण एवढीच, की मोर सगळे एकाच दिशेला चालणारे. त्यामुळं गोदाबाईनं हात जोडले की एक मोर देवीकडं पाही आणि दुसरा देवीकडं पाठ करी. गोदाबाईला ते चाललं.

दसऱ्याच्या दिवशी अंबादेवीच्या देवळात ती मधोमध उभी राहिली. मैनाबाई शालूला घेऊन आली, थबकली, आणि तिचं बोट सरळ गोदाबाईच्या दंडावर गेलं. बाहेर चपला राखत बसलेल्या नत्थुजीनं मनातल्या मनात पीठ मळायला घेतलं.

“म्हणजे ते तुहे मोर व्हते?” मैनाबाई म्हणाली. “माह्या पोरीसाठी यानं घरच्या बाईच्या चोळीचे काढून लावले?”

गोदाबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण दोन्ही दंडांवर मोर असताना नाही म्हणणं तिला जमलं नाही. तिनं मान हलवली. मैनाबाईनं सगळ्या बायकांदेखत तिला कुंकू लावलं आणि असा नवरा मिळायला पुण्य लागतं असं सांगितलं. तेल्हाऱ्याचं गाठोडं त्याच दिवशी सुटलं. नत्थुजीच्या प्रामाणिकपणाची गोष्ट महिनाभर अमरावतीत फिरली. ती ऐकून मीही त्याच्याकडं नवा अंगरखा टाकला. तोही आखूड झाला.

गडूचं खरं मला खुशालरावानं पुढं सांगितलं. पाखऱ्या नावाचा त्याचा लाडका बैल ओसरीशी येऊन जीभ काढून उभा होता, म्हणून त्यानं कोनाड्यातल्या गडूतली चिमूटभर सरकी त्याला चारली. बायकोच्या समोर हे कबूल करण्यापेक्षा शिंपी चोर ठरलेला त्याला परवडला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गोदाबाईनं चोळी धुतली आणि मैनाबाईनं परकर. छिटीचा रंग कच्चा होता; दोन्हीकडचे मोर पाणवठ्याला लागले.